बॅलिक्रोनाचा तेरावा मतदार

रविवार, १२ ऑक्टोबर २००८. वॉलॉंगॉंग, ऑस्ट्रेलिया. दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. कुकरचा तळ घासत होतो.

जेम्स मागच्या दाराने आत आला. हातात कागद, चष्मा डोक्यावर, आणि चष्माच शोधत होता.

"अपूर्व, 'बर्जेस' या शब्दात एस किती?"

"कोणता बर्जेस?"

"तेरा होते. पण स्पेलिंग सगळ्यांचं एकच!"

हात पुसले, डिक्शनरी काढली. शेवटी दोन एस. त्याने पानभर एकच लिहिला होता. मी पेन्सिलने सगळीकडे दुसरा घालून दिला. राहवलं नाही. तो माझ्याकडे बघत राहिला. घरमालकाच्या कागदावर पेन्सिल चालवायची म्हणजे—! पण तो म्हणाला, "टायपिंग येतं का तुला?"

येतं. राजापूरला बारावीनंतर इंग्रजी तीसचा कोर्स केला होता. एफ.वाय. दोनदा दिली, दोन्ही वेळा अकाउंट्सने खाल्ली. टायपिंग मात्र पहिल्या फटक्यात.

तर आता रोज संध्याकाळी त्याच्या पुस्तकाची दोन पानं टाइप करायची. जेम्सचं वय एक्याऐंशी. जन्मभर पोर्ट केम्बलाच्या स्टीलवर्क्समध्ये क्रेन चालवली, आता पेन धरलं की हात थरथरतो. बदल्यात मला रविवारचं जेवण. लँबचं मटण असेल तर मला अंडी, हे त्याने स्वतःच ठरवून टाकलं.


बुधवार, १५ ऑक्टोबर

आता विषय नीट कळला. लिहून ठेवतो, म्हणजे टाइप करताना चुकणार नाही.

बॅलिक्रोना हे जेम्सचं आयर्लंडमधलं गाव. एक रस्ता, एक चर्च, दोन पब. एवढ्याशा गावाला एकेकाळी स्वतःचा मतदारसंघ होता! १६१३ साली राजाने सनद दिली. ("माझ्याच नावाचा राजा"—जेम्सने तीनदा सांगितलं.) डब्लिनच्या संसदेत गावाचे दोन खासदार. पण मत गावाला नाही. मत फक्त तेरा बर्जेसना, म्हणजे नेमलेल्या नगरसभासदांना, आणि ते तेरा कोण हे ठरवणार तिथला जमीनदार लॉर्ड. पुढे १७४८ साली कायदा आला—बर्जेस गावात राहणारा असण्याचीही गरज नाही. मग काय! लॉर्डाचा जावई, लॉर्डाचा वकील, लॉर्डाच्या घोड्यांचा डॉक्टर. गाव कधी न पाहिलेली तेरा माणसं लॉर्डाच्या दिवाणखान्यात बसून गावाचे खासदार निवडायची.

१८०० साल संपलं तशी डब्लिनची संसदच बंद झाली. मतदारसंघ गेला. भरपाई मिळाली, पंधरा हजार पौंड. लॉर्डाला.

"आणि गावाला?" मी विचारलं.

"गावाला काही गेलंय हे कळलंच नाही," जेम्स म्हणाला. "असतं, तर गेल्याचं कळलं असतं."

हे वाक्य पुस्तकात नाही. मी म्हटलं घाला. म्हणाला, "घालू या. कुठे ते तू बघ."

मी बघू! मला विचारतोय!


रविवार, १९ ऑक्टोबर

आज नवीनच ऐकलं. वॉलॉंगॉंगमध्ये बॅलिक्रोनाची चार-पाच घरं आहेत, सगळी स्टीलवर्क्सच्या कामासाठी आलेली. ही माणसं दर एक जानेवारीला बोलिंग क्लबच्या मागच्या खोलीत जमतात आणि त्या मेलेल्या जागेसाठी निवडणूक घेतात! उमेदवार, चिठ्ठ्या, बिस्किटांचा पत्र्याचा डबा, गुप्त मतदान—सगळं. पणजोबांना मत नव्हतं, म्हणून पणतवंडांनी द्यायचं. कल्पना जेम्सची, १९५८ची. निवडून येईल त्याने भाषण करायचं आणि सगळ्यांना ड्रिंक पाजायचं. बहुतेक वेळा जेम्सच येतो.

मी म्हटलं, आमचाही लोकसभेचा मतदारसंघ यंदाच गेला. राजापूर. फेररचना झाली, आता रत्नागिरी-सिंधुदुर्ग.

जेम्सने काटा खाली ठेवला. "म्हणजे तूसुद्धा माजी मतदारसंघाचा माणूस!" उठून माझ्याशी हात मिळवला. बटाट्याचा हात होता, पण बरं वाटलं. मग विचारलं, "तू किती वेळा मत दिलंस तिथे?"

एकदाही नाही. गेल्या निवडणुकीला सतरा वर्षांचा होतो. आता एकवीस, आणि इथे. राजापूरसाठी मत द्यायचं राहिलंच! हे आजवर मनातच आलं नव्हतं.

आईला फोनवर सांगितलं तर म्हणते, "अरे, शाळा तीच, खोली तीच, बोटाला शाई तीच. नावाने काय होतंय? तू जेवलास का?"


मंगळवार, २८ ऑक्टोबर. लक्ष्मीपूजन.

कॅफेच्या शिफ्टवरून येऊन शंकरपाळे केले. पहिला घाणा करपला. जेम्सची मुलगी नाओमी हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, ती जाता जाता डोकावली. बरोबर तिची लूसी, दहा वर्षांची. लूसी म्हणाली, "कॅन आय हॅव द ब्लॅक वन्स?" करपलेले सगळे संपले. चांगले मला खावे लागले.


रविवार, २ नोव्हेंबर

नंदूचा फोन. आम्ही एकाच एजंटकडून, एकाच विमानाने आलो. तो ऑगस्टमध्ये मेलबर्नला गेला, डँडेनॉन्गला. "अरे इथे फॉस्टर स्ट्रीटवर ताजा कढीपत्ता मिळतो! मराठी बोलायला माणसं आहेत. तू तिथे त्या म्हाताऱ्याबरोबर काय करतोयस?" एक फेब्रुवारीपासून नवीन खोली बघतोय, अर्धी माझी. कॉलेज बदलता येतं म्हणाला, तिथे कुकरीचे कोर्स पैशाला पासरी आहेत.

त्याचं बरोबरच आहे. इथे माझं आहे कोण? कॅफेच्या किचनमधून मी गेलो तर दुसऱ्या दिवशी दुसरा येईल. कांदा तोच, सुरी तीच.

जेवताना जेम्सला सांगितलं, जानेवारी अखेर जाईन. "राइट," तो म्हणाला. बटाटे पुन्हा वाढून घेतले, खाल्ले नाहीत.


रविवार, ९ नोव्हेंबर

जेम्सने टाइप झालेलं पान ४१ परत मागितलं. निवडणुकीच्या प्रकरणात एक वाक्य नव्याने घालायचं होतं—आमच्या मंडळातही मतदानाला तेरा जण लागतातच. एक जरी कमी भरला तरी त्या वर्षी जागा रिकामी. हस्तलिखितात हे नव्हतं. "राहून गेलं होतं," म्हणाला.

मग खिडकीकडे बघत, "यंदा बाराच भरतायत."

"म्हणजे निवडणूक होणार नाही?"

"नाही. आणि एकदा मोडली की मोडली. आमची वयं बघ."

पन्नास वर्षांचं काम! मी सरळ असलेलं पान पुन्हा सरळ केलं.

"कायद्याप्रमाणे," तो हळूच म्हणाला, "तेरावा गावचाच असला पाहिजे असं नाही. पान २३. १७४८."

"मी?"

"तुझं स्पेलिंग चांगलं आहे."

मी "बघतो" म्हटलं. हो म्हणायचं होतं! पण एक भीती आली मनात. उद्या लिहीन.

आईला सांगितलं, मी तेरावा होणार बहुतेक. "तेरावा काय रे मेल्या! शुभ बोल. बारा अधिक एक म्हण."


सोमवार, १० नोव्हेंबर

भीती अशी की मी स्टुडंट व्हिसावर. परदेशी माणसाने मतदान करणं हा गुन्हा असतो. कामाच्या तासांचा नियम मी काटेकोर पाळतो, आठवड्याला वीस म्हणजे वीस, कॅफेवाला हसतो. आणि हे तर मतदान! व्हिसाचं पत्र पुन्हा काढून वाचलं. मतदानाबद्दल एक अक्षर नाही. नाही म्हणजे चालतं की नाही म्हणजे विचारणारा मूर्ख अजून कोणी भेटला नव्हता?

नंदूला विचारलं. तो इतका हसला की फोन पडला त्याच्या हातून. "येड्या! दोनशे वर्षांपूर्वी बंद पडलेल्या सीटला मत दिलंस म्हणून डिपोर्ट करणार तुला? विमानात काय सांगशील शेजारच्याला?"

हसू दे. त्याने स्वतः पत्ता बदलल्याचंसुद्धा कॉलेजला कळवलेलं नाही.


गुरुवार, १३ नोव्हेंबर

जेम्सने विचारलं नाही. मी सांगितलं नाही. पानं मात्र दोनाची तीन केली.


सोमवार, १७ नोव्हेंबर

शेवटी कॉलेजच्या ऑफिसात गेलो. रांगेत माझ्यापुढे पंधरा-वीस जण, सगळे आपल्याकडचे, सगळ्यांच्या हातात फायली. खिडकीतल्या बाईंना विचारलं, स्टुडंट व्हिसावर मतदान केलं तर चालेल का?

"नो, लव्ह. कोणती निवडणूक?"

"आयर्लंडच्या संसदेची."

"मग आयर्लंडला विचार."

"ती बंद झाली. १८०० साली."

बाईंनी पेन ठेवलं. मी सगळं सांगितलं—लॉर्ड, तेरा बर्जेस, बिस्किटांचा डबा. मागचा पंजाबी मुलगा म्हणाला, "भाई, मेरी फीस की लास्ट डेट है आज!" बाई म्हणाल्या, त्यांची आजी आयर्लंडचीच. आणि, "गो अँड व्होट, डार्लिंग."

परत येताना गाडीत जागा असून बसलो नाही. समुद्र दिसत होता.

जेम्स टोमॅटोच्या रोपांना काठ्या लावत होता. "मी येतो," म्हटलं. "उशीर झाला सांगायला. व्हिसाचं बघत होतो." त्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा काठी टेकून हसला, डोळे पुसले. "आठवडाभर मला वाटत होतं, तुला आमच्यात यायचं नाही."

अरे देवा!


शुक्रवार, २८ नोव्हेंबर

मुंबईच्या बातम्या. दोन दिवस तेच. टायपिंग नाही. आज जेम्सने टीव्ही बंद केला आणि सूप आणून पुढ्यात ठेवलं.


रविवार, ७ डिसेंबर

जेवायला ड्वेन आला होता. जेम्सचा पुतण्या, त्याला जिम म्हणतो, घरांच्या छपरांची कामं करतो. मान लाल, आवाज मोठा. मी तिथे बसलेला असताना माझ्याबद्दल वाद!

"अंकल जिम, ही बॅलिक्रोनाची निवडणूक ना? मग हा कुठला?"

"राजापूरचा. माजी मतदारसंघ."

"कम ऑन!"

"१७४८चा कायदा वाच. पान २३."

"तो कायदा म्हणजे दरोडा, असं तूच लिहिलंयस पान २४वर!"

"दरोडाच आहे," जेम्सने ग्रेव्ही वाढून घेतली. "पण आपण तो रद्द केलेला नाही."

"आणि तेरा लागतात हे कधीपासून?"

"१६१३पासून." असं म्हणून जेम्सने त्याच्याकडे असं काही पाहिलं की ड्वेनने पुढचा प्रश्न बटाट्याबरोबर गिळला. मग खाली बघून हसला. मला ते आवडलं नाही. हसायचं तर तोंडावर हसावं.

पण नंतर त्यानेच मला त्याच्या यूटमधून, म्हणजे उघड्या हौद्याच्या गाडीतून, शिफ्टला सोडलं. "नो हार्ड फीलिंग्ज, मेट. मी यंदा उभा राहतोय. अंकल जिमच्या विरुद्ध." का म्हणून विचारलं. म्हणाला, "लूसीला दरवर्षी चिप्सचं पाकीट देऊन बाहेर बसवतात. मी आलो तर दहा वर्षांवरच्या सगळ्यांना मत. आम्ही म्हातारे मेल्यावर त्या डब्यात चिठ्ठी कोण टाकणार? डबाच?"

कॅफे येईपर्यंत उलट मुद्दा शोधला, सापडला नाही. कारण मुद्दा बरोबर होता.


मंगळवार, ३० डिसेंबर

आता खरी पंचाईत. मत कोणाला?

जेम्सला द्यायला हवं. त्याने खोली दिली, अंडी दिली, माझ्या दुरुस्त्या एकही न खोडता घेतल्या. त्याच्यामुळे मला मत मिळालं.

पण आज पान २४ तपासताना पुढचं वाचवेना. गावाबाहेरचा माणूस, मालकाने आणून बसवलेला, मालक सांगेल त्याला मत देणारा. जेम्स माझा घरमालक आहे. मी म्हणजे लॉर्डाच्या घोड्यांचा डॉक्टर!

त्याने काही सांगितलेलं नाही हे खरं. पण सांगायची गरज पडू नये अशीच माणसं लॉर्ड नेमत असणार.


गुरुवार, १ जानेवारी २००९

झालं! नीट क्रमाने लिहितो.

दुपारी बोलिंग क्लब. मागच्या खोलीत पंखा एक, तोही कुरकुरणारा. इस्त्रीचा शर्ट फक्त माझा. मी पुन्हा पुन्हा डोकी मोजत होतो—मला धरून बरोबर तेरा. शेलहार्बरहून एक नव्वदीच्या आजी व्हीलचेअरवर आल्या होत्या, दारातच म्हणाल्या, "हे अजून चालू आहे?" पोर्ट केम्बलाचे दोघे भाऊ आले, एकासारखा एक, दोघांनी माझा हात पिळला. "सो यू आर द थर्टीन्थ!" माझी कीर्ती आधीच पोचली होती.

लूसी बाहेर, चिप्सचं पाकीट घेऊन.

जेम्सचं भाषण—इतिहास. ड्वेनचं भाषण—दाराकडे बोट दाखवलं. "ती बघा, १८०० सालचं बॅलिक्रोना बाहेर बसलंय." बस, एवढंच. आजींनी टेबल वाजवलं.

मग चिठ्ठ्या. कोपऱ्यात टेबल, त्यावर पेन्सिल दोरीने बांधलेली. मी उभा राहिलो. आयुष्यातलं पहिलं मत! चूक नको म्हणून एकेक अक्षर सुटं काढलं. घडी केली, डब्यात टाकली. डब्यावर बिस्किटांचं चित्र होतं, तरी टाकताना दोन्ही हात लावले.

नाओमी मोजायला. जेम्स, ड्वेन, जेम्स, जेम्स, ड्वेन... सहा-सहा झाले. शेवटची चिठ्ठी तिने उलगडली आणि टेबलावर सरळ करून ठेवली. ड्वेन.

सगळे चिठ्ठीकडे बघत होते. मीही पाहिलं आणि कानशिलं तापली. सगळ्यांनी गिचमिड केलेलं, आणि हे एकच नाव छापल्यासारखं! गुप्त मतदान, आणि मी सुवाच्य अक्षरात सही केल्यासारखं केलं होतं. जेम्स तीन महिने माझं अक्षर बघतोय. त्याने चष्मा लावला, चिठ्ठी उचलली, लांब धरली, जवळ धरली.

वाटलं, बॅग आजच भरावी.

तो उठला. ग्लासवर चमचा वाजवला. "लेडीज अँड जंटलमेन. बॅलिक्रोनाच्या इतिहासात आज पहिल्यांदाच एका मतदाराने आपल्या घरमालकाविरुद्ध मत दिलेलं आहे. चारशे वर्षं लागली!"

काय टाळ्या! भावांनी शिट्ट्या मारल्या. ड्वेनने मला उचललंच. लूसी आत आली, तिला लिंबू सरबत आणि पुढच्या वर्षीच्या मताचं वचन. जेम्स माझ्या शेजारी येऊन बसला. हळूच म्हणाला, "स्पेलिंग बरोबर आहे. मी तपासलं."

घरी आलो तर नंदूचा मेसेज—खोली पक्की, माझा वाटा त्याने भरून टाकला. आज आनंद एवढा होता की हा मेसेज त्यात मावला नाही, बाजूलाच राहिला.


शुक्रवार, २ जानेवारी

जेम्सने नाश्त्याला हाक मारली. अंडी दोन. भाडं वाढवलेलं नाही.


रविवार, ११ जानेवारी

नाओमी लूसीला न्यायला आली होती. मी म्हटलं, पुढच्या वर्षी मी डँडेनॉन्गला असेन, तेव्हा तेरावा आत्तापासून बघून ठेवा.

"तेरावा कशाला?"

"तेरा लागतात ना. नाहीतर जागा रिकामी."

"कोण म्हणतं? गेल्या वर्षी आम्ही नऊ होतो. त्याच्या आधी अकरा. मोजतंय कोण!" मग माझ्याकडे बघितलं आणि तिचा हात तोंडाकडे गेला. "ओह, अपूर्व. तू जाणार म्हणालास ना, त्यानंतर डॅड आठवडाभर फोनला चिकटला होता. ते भाऊ पाच वर्षांत आले नव्हते. शेलहार्बरच्या आजींना आणायला ड्वेनला पाठवलं. सारखं म्हणायचा, बारा हवेत. मी विचारलं, बाराच का? तर म्हणाला, म्हणजे तो तेरावा होईल."

जेम्स मागे टोमॅटोला पाणी घालत होता. नळी धरायला गेलो.

पुस्तक मंगळवारी छापायला जातंय. शेवटचं प्रूफ माझ्याकडे आहे. पान ४१वरचं ते तेरा जणांचं वाक्य चूक आहे. तसंच ठेवलं.

खर्च: कढीपत्त्याचं रोप, बारा डॉलर. टोमॅटोच्या शेजारी लावलं.
देणं: नंदूला एकशे साठ, डँडेनॉन्गच्या खोलीतला माझा वाटा. उद्या पाठवतो, म्हणजे त्याला दुसरा कोणी बघता येईल.